सांधा आणि स्नायु



धरमपेठेंतून अंबाझरी तलावाकडे सकाळीं फिरावयास जाणारी वयस्क मंडळी परस्परांची विचारपूस करूं लागली कीं गोष्ट लवकरच गुडघ्यांवर येते. "गुडघे दुखतात, म्हणून आतां चालणें सोडलें," असें सांगणारेही घरोघर आढळतात. हें सोडणें हिताचें कीं अहिताचें, हें ठरविण्यापूर्वीं सांधा म्हणजे काय आणि स्नायु त्याच्याशीं कसा निगडित असतो, हें पाहिलें पाहिजे.

प्रौढ मनुष्याच्या शरीरांत २०६ हाडें असतात. दोन हाडें जेथें मिळतात तो सांधा. सुश्रुतसंहितेंत २१० सांधे मोजून त्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत खुब्याचा सांधा 'उलूखल' म्हणजे उखळ, आणि कवटीचा 'तुन्नसेवनी' म्हणजे शिवण. आधुनिक शास्त्राची विभागणी निराळी असली, तरी या उपमा आजही चपखल आहेत. कवटीची शिवण हलत नाहीं. मणक्यांमधील कूर्चेच्या चकत्या थोड्याथोड्या दबतात आणि सर्व मिळून पाठ वांकते. कोपर बिजागरीप्रमाणें उघडतें व मिटतें. खांदा आणि खुबा मात्र उखळींतल्या गोलाप्रमाणें सर्व बाजूंस फिरतात.

पण हाडें आपण होऊन हलत नाहींत. स्नायूचीं टोकें कंडरांच्या द्वारें निरनिराळ्या हाडांस जोडलेलीं असतात आणि मध्यें सांधा असतो. स्नायु ओढूं शकतो, ढकलूं शकत नाहीं. म्हणून स्नायूंना जोडीदार लागतो. दंडाच्या पुढील स्नायूनें ओढलें कीं हात मुडपतो, मागील स्नायूनें ओढलें कीं सरळ होतो. पुढील स्नायु कोपरापासून अवघ्या चार-पांच सेंटिमीटरांवर हाडास लागतो, आणि तळहात सुमारें ३५ सेंटिमीटर दूर असतो. त्यामुळें काटकोनांत मुडपलेल्या हातानें ५ किलोची पिशवी धरतांना स्नायूस ३५ ते ४० किलोंचा जोर लावावा लागतो.

आतां गुडघा पाहूं. मांडीचा पुढील मोठा स्नायु गुडघ्याच्या वाटीवरून जाऊन नडगीच्या हाडास लागतो. जिना उतरतांना शरीराचा भार तोच आवरून धरतो. बसून राहिलें कीं तो रोडावतो, सांध्याचा आधार कमी होतो आणि दुखणें वाढतें. शिवाय कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यांतील वंगणावर तिचें पोषण होतें, आणि त्यास हालचालीचें साहाय्य लागतें.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची. व्यायामाची अशी परंपरा लाभलेल्या आपल्या प्रांतांत तरी व्यायाम केवळ तरुणांसाठीं, हा समज नसावा. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, पांच अंक मोजीपर्यंत तसाच धरावा व सावकाश खालीं आणावा. प्रत्येक पायानें दहा वेळां. सांधा सुजून गरम झाला असेल किंवा मार लागला असेल, तर प्रथम डॉक्टरांस दाखवावें. एरवीं हें रोज करावें. झिजलेली कूर्चा पूर्ववत् होत नाहीं. स्नायु मात्र सत्तरीनंतरही बळकट होऊं शकतो.