घमेलें व थापी

(बांधकामावरील मजूर स्त्रियांच्या सभेंत केलेलें भाषण)



इमारत उभी राहिली म्हणजे कोनशिलेवर पुढाऱ्याचें नांव येतें, मालकाचें येतें. जिनें सात मजले चढून विटा वाहिल्या तिचें नांव तेथें कोरावें असा आमचा हट्ट नाहीं. आमचें मागणें लहान आहे. तिचें नांव हजेरीपटावर असावें.

तें पुष्कळ ठिकाणीं नसतें. मुकादम ‘जोडी’ ठरवितो. आठवड्याची खर्ची नवऱ्याच्या हातांत पडते. बाई दिवसभर रेती-खडी वाहते, संध्याकाळीं चूल पेटविते, आणि हिशेबाच्या वहींत ती कोठेंच नसते! येथें बसलेल्या बंधूंनीं हें ऐकून रागावूं नये. पैसा त्यांच्याच हातांत पडतो, म्हणून त्यांनाही सांगणें भाग आहे.

नांव नसलें म्हणजे पुढचें सारें बुडतें. 1996 सालीं बांधकाम कामगारांसाठीं कायदा झाला. नोंदणीला वर्षांत 90 दिवस काम केल्याचा दाखला त्यानें घातला. पटावर नसलेल्या बाईला दाखला देणार कोण? पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथें सहा वर्षांखालील मुलांसाठीं खोली द्यावी, असेंही त्यांत होतें. पण पट कोरा असल्यावर पन्नास भरणार कशा? पैसा नव्हता असें कोणी म्हणूं नये. बांधकामावरील उपकराचे 37,400 कोटींहून अधिक रुपये जमले आणि खर्च झाले सुमारें 9,500 कोटी, असें सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालांत नमूद आहे.

साहेबाच्या देशांतही हीच तऱ्हा. दुसऱ्या महायुद्धांत पुरुष लढाईवर गेले, तेव्हां लंडनचा वॉटर्लू पूल बांधण्यास स्त्रिया राबल्या. 1945 सालीं उद्घाटनाच्या वेळीं हर्बर्ट मॉरिसन यांनीं गौरव केला तो पुरुषांचा!

आतां थापीविषयीं. पोरगा बिगारी म्हणून येतो. जेवणाच्या सुटींत उस्ताद त्याच्या हातीं थापी देतो, दोन-चार वर्षांत तो गवंडी होतो आणि मजुरी वाढते. बाईनें वीस वर्षें घमेलें वाहिलें तरी ती बिगारीच. तिला ओळंबा कळत नाहीं म्हणे! घरोघर भिंती लिंपल्या, जमिनी सारवल्या, चुली घातल्या त्या कोणीं? घरांत फुकट केलें तें बाईचें काम, आणि मजुरी मिळूं लागली कीं तेंच पुरुषाचें कसब, हा न्याय आम्हांस समजत नाहीं. झारखंडांत स्वच्छ भारत मोहिमेंत शौचालयांसाठीं गवंडी पुरेनात, तेव्हां बचतगटांतल्या बायकांना गवंडीकाम शिकविलें. लोक त्यांस ‘राणी मिस्त्री’ म्हणूं लागले. त्या एकेकट्या मुकादमाच्या दारीं गेल्या असत्या तर त्यांच्या डोक्यावर घमेलेंच आलें असतें. गट पाठीशीं होता म्हणून थापी मिळाली.

म्हणून आम्ही मंडळाचा आग्रह धरतों. अहमदाबादेच्या कापडबाजारांत ओझीं वाहणाऱ्या बायकांची गाऱ्हाणीं ऐकून इलाबेन भट यांनीं 1972 सालीं ‘सेवा’ हा संघ उभा केला. ‘तुम्हांस मालकच नाहीं, मग संघ कोणाविरुद्ध?’ अशी हरकत सरकारी खात्यानें घेतली. संघ मालकाविरुद्ध नसून आम्हां एकमेकींसाठीं आहे, असें उत्तर देऊन त्यांनीं नोंदणी मिळविली. मीरा महादेवन यांनीं 1969 सालीं दिल्लींत बांधकामावर धुळींत पडलेलीं मुलें पाहून तेथेंच पाळणाघर सुरू केलें. पुढें मुंबई-पुण्याकडेही तें काम आलें. मूल सुरक्षित असल्याखेरीज कोणती आई परांचीवर चढून गिलावा शिकेल?

आपल्या मंडळानें आरंभ थोडक्यानें करावा. मजूर अड्ड्यावर रोज एकीनें वही धरावी. कोण कोणत्या कामावर गेली, मुकादम कोण, मजुरी किती ठरली, तें लिहावें. दाखल्याला मुकादम नकार देईल तेव्हां दहाजणींनीं मिळून ती वही घेऊन कचेरींत जावें. एखादीची खर्ची बुडाली तर दुसऱ्या दिवशीं त्या कामावर कोणीच जाऊं नये. हें कठीण आहे, आम्ही जाणतों. पोटाला चिमटा बसतो. म्हणून आठवड्याला थोडे पैसे मंडळाच्या डब्यांत टाकावे, त्या दिवसाच्या भाकरीसाठीं. आणि जे गवंडी बंधू येथें आहेत त्यांनीं आपल्या बायकोला, बहिणीला रोज अर्धा तास ओळंबा धरायला शिकवावें.

वही आम्हीं आणली आहे. एकेकीनें पुढें येऊन नांव सांगावें; अमक्याची बायको म्हणून नव्हे, स्वतःचें.