अकरा महिन्यांचे घर

(पाथर्डी येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



पाथर्डी तालुक्याला मुदतीचे बिऱ्हाड नवीन नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात, फडाजवळ कोपी उभारतात आणि पट्टा पडला की ती मोडून परततात. त्या कोपीचा करार कोठेही लिहिलेला नसतो. तेथून निघण्याचा दिवस कारखान्याचा हंगाम ठरवतो. या बिऱ्हाडाविषयी चळवळीत पुष्कळ बोलले गेले आहे. त्याच्या शेजारीच उभ्या असलेल्या दुसऱ्या बिऱ्हाडाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. मुलांची शाळा बुडू नये म्हणून आजीच्या सोबतीने त्यांना तालुक्याच्या गावी ठेवण्यासाठी घेतलेली खोली, कंत्राटी शिक्षकाची खोली, एस.टी. कर्मचाऱ्याची खोली, बाजारात हमाली करणाऱ्याची खोली. या खोल्यांचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. बारावा महिना उजाडला की सामान बांधायचे, नाही तर मालक म्हणेल ते वाढीव भाडे मान्य करायचे, एवढेच दोन मार्ग भाडेकरूला दिसतात.

हे अकरा महिने आले कोठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ती नोंदणी टाळण्यासाठी बाराव्या महिन्याच्या अलीकडे थांबण्याची युक्ती निघाली. दुसरे कारण अधिक खोल आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले आणि भाडेकरूला मनमानी निष्कासनापासून संरक्षण दिले. तेव्हा मालकवर्गाने भाडेकरू हा शब्दच टाळला. जागा भाड्याने दिलेली नाही, केवळ वापरण्याची परवानगी दिली आहे, असे कागदावर लिहिले जाऊ लागले. हाच तो ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार. वस्तुस्थिती तीच, भाडेही तेच. नाव मात्र बदलले, आणि नावाबरोबर हक्कही गेला.

१९७३ साली महाराष्ट्र विधिमंडळाने ही पळवाट एकदा बुजवली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवाना करारानुसार जागेत राहणारी माणसे भाडेकरू मानली गेली. शेतीत कूळकायद्याने जे केले, त्याचे हे शहरी रूप होते. परंतु दोन्हीकडे मालमत्तेने त्यातून एकच धडा घेतला. गावात जमीन तोंडी बोलीवर कसायला दिली जाऊ लागली. शहरात घरे कुलपात राहिली किंवा करार आणखी आखूड झाले. गोठवलेल्या भाड्याने जुन्या इमारतींची दुरुस्ती अडली हेही नाकारता येत नाही, आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या प्रमाण भाड्यावर ताशेरे ओढले ते निष्कारण नव्हते. कायदा करून हक्क मिळतो; तो टिकवण्यास संघटना लागते, आणि पुरेशी घरेही लागतात. ही दुसरी गोष्ट ओळखूनच मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांनी मुंबईच्या गोरेगाव भागात नागरी निवारा परिषदेच्या मार्गाने सामान्यांसाठी घरे उभारण्याचे काम हाती घेतले होते.

१९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ चा अर्थ कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. राहण्यासाठी परवान्यावर घेतलेली जागा मुदत संपताच परत द्यावी लागते. न दिल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि अधिक राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागू शकतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मिळवली नाही, तर बाजू मांडण्याची संधीच जाते. ‘सोडू नका, काय करतो तो बघू’ असा सल्ला देणारा पुढारी त्या कुटुंबाला दुप्पट भाड्याच्या खाईत लोटतो आणि निकालाच्या दिवशी स्वतः दिसेनासा होतो. असा सल्ला म्हणजे लढा नव्हे.

पण त्याच कायद्यात भाडेकरूच्या हाती देण्याजोगे एक हत्यारही आहे. कलम ५५ प्रमाणे परवाना करार, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा, लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती त्याने पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंदणीकृत करार नसेल, तर अटींविषयी जागेत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे ज्या नोंदणीपासून पळण्यासाठी अकरा महिन्यांची रीत पडली, ती नोंदणी आता एका महिन्याच्या परवान्यालाही चुकत नाही. तरीही मुद्रांक कागदावर नोटरीचा शिक्का मारला की झाले, असे मालकही समजतो आणि भाडेकरूही समजतो. हा कायदा त्याच्या अनुसूचीतील शहरांना व गावांना लागू होतो. म्हणून जेथे काम करायचे त्या गावाचे नाव अनुसूचीत पाहणे हे कार्यकर्त्याचे पहिले काम.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. पाथर्डीसारख्या गावात घरमालक कोण असतो? पुष्कळदा तो निवृत्त शिक्षक असतो, किंवा नवऱ्यामागे दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणारी बाई असते. मुंबईच्या चाळमालकाला लावलेले माप तिला लावता येणार नाही. खोली परत मिळणार नाही ही तिची भीती खोटी नाही. आणि शाळेचे वर्ष अर्ध्यावर असताना नातवंडांना घेऊन नवी खोली शोधणाऱ्या आजीची भीतीही खोटी नाही. दोन गरिबांना समोरासमोर उभे करून समाजवाद पुढे जात नाही. दोघांच्याही भीतीचे मूळ एकच आहे: परवडणाऱ्या घरांची टंचाई, आणि कागदाविना चालणारा व्यवहार.

म्हणून मुदत संपली की घर सोडावे; परंतु रिकाम्या हाताने व अपमानाने सोडू नये. जागेत शिरतानाच भिंती, दारे, नळ, विजेचा मीटर यांची स्थिती लिहून दोघांनी सह्या कराव्यात. अनामत रोख देऊ नये. दिलीच तर पावतीविना देऊ नये. भाडे दरमहा बँकेतून द्यावे. शक्य तेथे अकरा महिन्यांऐवजी दोन-तीन वर्षांचा करार मागावा आणि त्याची अखेर मे महिन्यात येईल अशी तारीख घालावी. तोवर परीक्षाही होतात आणि तोडणीला गेलेले आईबापही परततात. मुदतीच्या दोन महिने आधी मालकाला लेखी विचारावे. निघताना वीजबिल भरून, साक्षीदारांसमक्ष किल्ली देऊन ताबापावती घ्यावी आणि अनामत त्याच बैठकीत परत घ्यावी. मालकाने परस्पर कुलूप ठोकले किंवा सामान बाहेर काढले तर ते मुकाट्याने सोसू नये. मुदत संपल्यावर प्राधिकाऱ्याकडे जावे असे कायदा मालकालाही सांगतो; कुलूप हातात घ्या असे सांगत नाही.

हे सारे एकट्या भाडेकरूकडून होणारे नाही. ज्याचा बाप सहा महिने परजिल्ह्यात ऊस तोडतो, त्याच्या आजीने नोंदणी कार्यालयात जाऊन संगणकासमोर अंगठा कसा उमटवावा? तालुक्याच्या गावी भाडेकरूंचे एक मदतकेंद्र, कराराचा सोप्या मराठीतला एक नमुना, आणि वाद मिटवणारी, मालक व भाडेकरू दोघांचेही प्रतिनिधी असलेली एक समिती, एवढे काम पक्षाची शाखा आजही उभे करू शकते. त्याला सत्ता लागत नाही. आठवड्यातील एक संध्याकाळ लागते.

सरकारकडे मागण्या मात्र ठामपणे केल्या पाहिजेत. केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडे कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे आणि ती ताबा घेतानाच परत करायची आहे. हे दोन्ही मुद्दे घेण्याजोगे आहेत. त्याच मसुद्यात मुदतीनंतर राहणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट व पुढे चौपट भाडे सांगितले आहे. ते तसेच स्वीकारणे कष्टकऱ्याला परवडणारे नाही. त्याच्या जोडीला शालेय वर्षाच्या मध्ये निष्कासन न करण्याची तरतूद आणि हंगामी कामगारांच्या मुलांसाठी तालुक्याच्या गावी पुरेशी वसतिगृहे, ही मागणी पाथर्डीतूनच उठली पाहिजे. कारण तिची गरज पाथर्डीला इतर कोणाहून कमी नाही.

पट्टा पडल्यावर कोपी मोडणे ऊसतोड कामगाराला सांगावे लागत नाही. त्याच्या मुलांची शाळा मात्र पट्ट्याबरोबर किंवा कराराबरोबर मोडता कामा नये. घर मुदतीचे असू शकते. त्यात राहणाऱ्याची प्रतिष्ठा मुदतीची नसते. ती कागदावर लिहून घेण्याचे काम येत्या करारापासूनच सुरू करावे.