कुपन हाती, डोसा तव्यावर
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



बेंगळुरूत 'दर्शिनी' नावाची, उभ्याने खाण्याची उपाहारगृहे जागोजागी आहेत. सकाळच्या गर्दीत तेथे गल्ल्यावर एकच गृहस्थ असतो. तो पैसे घेतो, कुपन हाती ठेवतो आणि लगेच पुढच्या ग्राहकाकडे वळतो. प्रत्येकाचा डोसा होईपर्यंत तो हात बांधून बसला, तर रांग रस्त्यावर जाईल. कुपन म्हणजे डोसा नव्हे. ते डोशाचे वचन आहे.

त्याच शहरात संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या अनेक मराठी मुला-मुलींना रोज हाच प्रश्न सोडवावा लागतो. मोबाइलवरील ॲपमध्ये पडदा रंगवणे आणि बोटाच्या स्पर्शाला प्रतिसाद देणे ही कामे एकाच 'थ्रेड'कडे, म्हणजे कामाच्या एकाच धाग्याकडे असतात. दूरच्या बँकेच्या संगणकाकडे विचारणा केली, तर उत्तर निमिषार्धात येईल, दहा सेकंदांनी येईल किंवा येणारही नाही. धागा तेथेच अडून राहिला, तर सारा पडदा गोठतो. अँड्रॉइड प्रणालीत स्पर्शाला ५ सेकंद प्रतिसाद मिळाला नाही, की ॲप प्रतिसाद देत नसल्याची सूचना झळकते.

१९९५ साली ब्रेंडन आइक यांनी घडविलेली जावास्क्रिप्ट ही भाषा मुळात एकाच धाग्यावर चालते. तिची रीत गल्ल्यावरच्या गृहस्थासारखी आहे. मागणी पाठवावी, उत्तर आल्यावर काय करायचे ते सांगून ठेवावे आणि पुढच्या कामाला लागावे. आलेली उत्तरे रांगेत थांबतात. हातातले काम संपले, की धागा रांगेतील पुढचे उत्तर घेतो. २०१५ च्या आवृत्तीत या कुपनाला भाषेतच स्थान मिळाले. त्याचे नावच 'प्रॉमिस', म्हणजे वचन. त्याच्या अवस्था तीन : प्रलंबित, पूर्ण आणि नाकारलेले.

यांतील पहिली अवस्था ओळखणे हेच खरे कसब. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमध्ये यंत्रणेकडून मागणीची पोच आधी मिळते आणि व्यवहाराचा निकाल वेगळ्या संदेशाने मागाहून येतो. समजा, एखादी आई मुलाचे शुल्क भरते आहे. निकाल यायला उशीर झाला आणि घाईने लिहिलेल्या ॲपने 'व्यवहार अयशस्वी' असे जाहीर केले. ती माउली पुन्हा पैसे भरते, आणि महिनाअखेरीस तिच्या खात्यातून तीच रक्कम दोनदा जाते. उत्तर न येणे म्हणजे नकार येणे नव्हे. जबाबदार प्रोग्रामर 'प्रलंबित' असे स्पष्ट दाखवितो, त्याच व्यवहार क्रमांकाने पुन्हा चौकशी करतो आणि निकाल कळेपर्यंत नवी मागणी पाठवीत नाही.

रिझर्व्ह बँकेनेही या प्रतीक्षेला मर्यादा घातली आहे. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एका व्यक्तीने दुसरीला यूपीआयने पाठविलेली रक्कम खात्यातून वजा झाली, पण समोरच्या खात्यात जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत मिळाली पाहिजे. त्यापुढे विलंबाच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. म्हणजे वाट अवश्य पाहावी, परंतु तिला मुदत असावी आणि मुदत उलटल्यावर काय करायचे तेही आधीच ठरलेले असावे.

पालकहो, वर्गातही हेच घडते. प्रश्न विचारताच एखादे मूल उत्तर देते, एखादे गप्प राहते. त्या गप्प मुलाला लगेच 'येत नाही' असा शेरा देणे, ही त्या घाईच्या ॲपचीच चूक होय. त्याचे उत्तर प्रलंबित असते. त्याच्यासाठी सारा वर्ग थांबवू नये. पण त्याच्या हाती दिलेले कुपन विसरूही नये. तास संपण्यापूर्वी पुन्हा एकदा त्याच्याकडे वळावे.

साठ वर्षांत या शाळेने अशी किती कुपने जपली, याची साक्ष आज समोर बसलेले माजी विद्यार्थीच देत आहेत. सर्वांना हीरक महोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा.