खतावणी आपल्या ताब्यात ठेवा
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



२००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्याला स्वतःची उत्पादक कंपनी काढण्याची वाट मोकळी झाली. आज अशा कंपन्या कापूस, ज्वारी खरेदी करतात. काटापावती, प्रत, ओलावा, चुकारा सारे संगणकात जाते. हा हिशेब जो सांभाळतो तो डेटाबेस सर्व्हर. तो कोणता घ्यावा, हे संगणकवाल्याने नाही, मालकाने ठरवायचे. मालक तुम्ही आहात. म्हणून चार प्रश्न विचारा.

पहिला : ऐन नोंदीत वीज गेली तर? वजन चढले, पण खात्यात जमा झाले नाही, असे चालणार नाही. दोन्ही नोंदी व्हाव्यात, नाहीतर एकही नको. चांगला सर्व्हर मुनीमासारखा आधी रोजकीर्दीत लिहितो, मग खतावणीत. वीज आली की रोजकीर्द वाचून अर्धवट व्यवहार काढून टाकतो.

दुसरा : लिहिणारे हात किती? एक काटा, एक मुनीम असेल तर एसक्यूलाइट पुरे. सारा हिशेब एका फाइलीत, वेगळा सर्व्हरही लागत नाही. पण तिथे एका वेळी एकानेच लिहायचे. पाच खरेदी केंद्रे एकदम लिहिणार असतील तर पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी घ्या.

तिसरा : खर्च काय? ओरॅकल आणि मायक्रोसॉफ्ट यांचा मोठा परवाना बहुधा प्रोसेसरच्या गाभ्यांवर मोजतात. फुकटच्या छोट्या आवृत्त्यांना मर्यादा असते. पोस्टग्रेसचे मूळ १९८६ सालच्या बर्कले विद्यापीठातील कामात आहे. त्याला परवाना फी नाही. मायएसक्यूएल २०१० साली ओरॅकलकडे गेले. त्याच्या मूळ कर्त्याने २००९ सालीच मारियाडीबी वेगळे काढले होते. मात्र बी फुकट मिळाले म्हणून निंदण चुकत नाही. जाणकार माणसाची मजुरी धराच.

चौथा : उद्या संगणकवाला बदलला तर आपला हिशेब साध्या फाइलीत बाहेर काढता येईल का? हे करारात लिहून घ्या. नाहीतर काटा आपला आणि वही त्याची, अशी गत होईल.

शेवटचे सांगतो. रोज नक्कल काढा, एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर चढवून पाहा. न तपासलेली नक्कल म्हणजे उगवण न पाहिलेले बियाणे. पेरल्यावरच कळते, आणि तेव्हा हंगाम गेलेला असतो.