नियमाबरहुकूम
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



केंद्र सरकारच्या चाकरीत माझी तीस वर्षे नियमांच्या सहवासात गेली. तेव्हा ‘नियमपालन’ हाच विषय आपण मजकडे सोपविलात, हे योग्यच झाले.

बदलीच्या गावी आपण प्रथम उतरतो तेव्हा ना भाषा आपली, ना दुकानदार ओळखीचा. तरीही किलोभर तांदूळ किलोभरच मिळावा, हा आपला हक्क असतो. १९५६ साली वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा झाला, त्यापूर्वी शेर आणि मण प्रांतोप्रांती निराळे होते. गावकऱ्याला आपल्या गावचा शेर ठाऊक असे. फसे तो परका. ओळखदेख नसलेल्यालाही न्याय मिळावा म्हणून प्रमाण असते. परप्रांती राहणाऱ्या आपणांस तर हे अधिकच कळावे.

मी मात्र ते एकदा विसरलो, याची येथे कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका मराठी वृद्धेचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज माझ्या मेजावर आला. एका कागदावर तिचे माहेरचे नाव, दुसऱ्यावर लग्नात बदललेले, तिसऱ्यावर त्यालाच ‘बाई’ जोडलेले. ‘नावांत तफावत’ असा शेरा मारून मी प्रकरण परत धाडले. पाच महिन्यांनी ती काठी टेकीत कार्यालयात आली आणि मराठीत म्हणाली, “साहेब, नाव मी नाही बदलले, लोकांनी बदलले. तुमच्या नियमांत आम्हा बायकांसाठी काहीच लिहिलेले नाही का?”

मी मान खाली घातली. सोय होती. तिन्ही नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र पुराव्यासह जोडले की काम भागत होते. तेवढी एक ओळ शेऱ्याखाली लिहिण्याचे कष्ट मी घेतले नव्हते. आणि लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली चाल ठाऊक असलेला त्या कार्यालयात मी एकटाच होतो!

नियमाने मला विचारले होते, ‘ही तीच बाई आहे ना?’ मी उत्तर दिले, ‘अक्षरे जुळत नाहीत.’

याचा अर्थ नियम वाकवावा असा नव्हे. तो वाकला, तर उद्या एखाद्या विधवेचे वेतन भलताच कोणी घेऊन जाईल. नियमाचा प्रश्न समजून घेऊन त्याचेच उत्तर शोधणे, हे खरे पालन.

घरातही हेच लागू आहे. मराठी साहित्य महामंडळाने केलेले आणि १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मान्य केलेले लेखननियम आपण पाळतो. त्यांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गाळले. म्हणजे प्रमाणही माणसाच्या सोयीसाठी बदलते. पण हिंदी मुलखात वाढलेला आपला नातू ‘माझी पुस्तक हरवली’ म्हणाला, की आपण सारे हसतो. पुढच्या वेळी तो हिंदीतच विचारतो. व्याकरण राहिले, मराठी गेली!

तेव्हा हसू नये. “तुझे पुस्तक हरवले का? चल, शोधू या,” एवढेच म्हणावे. चूकही सुधारते आणि पुस्तकही सापडते.