लक्ष नसते, की भान हरपते?

(हीरक महोत्सवानिमित्त स्मृति नगर, भिलाई येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



प्रगतिपुस्तकातील ‘वर्गात लक्ष नसते’ हा शेरा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. बहुतेक वेळा तो खराही असतो. परंतु क्वचित त्यामागे आजार दडलेला असतो. लिहिता-लिहिता मूल पाच-दहा सेकंद थांबते, नजर शून्यात लागते, हाक ऐकू येत नाही. आणि काही घडलेच नाही अशा रीतीने ते पुन्हा लिहू लागते. दिवसातून असे अनेकदा घडू शकते. हा अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याचाच, एक प्रकार होय. यात मूल कोसळत नाही, हातपाय झाडत नाही; म्हणून आजार ओळखला जात नाही आणि मूल मात्र बोलणी खाते.

मेंदूतील पेशींचा व्यवहार सूक्ष्म विद्युत् संकेतांवर चालतो. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूतील हे संकेत प्रथम नोंदविले आणि १९२९ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध केले. तीच आजची ईईजी तपासणी. डोक्यावर साधारणतः २१ इलेक्ट्रोड लावून व्होल्टच्या लाखाव्या-दहा लाखाव्या भागात मोजावे लागणारे हे संकेत टिपले जातात. यंत्र केवळ नोंद घेते. मेंदूत वीज सोडत नाही. त्यामुळे ‘शॉक देतात’ ही भीती निराधार आहे. वरील प्रकारात मुलाला सुमारे तीन मिनिटे खोल श्वासोच्छ्वास करावयास सांगितले, की बहुधा तेथेच झटका येतो आणि आलेखावर सेकंदाला सुमारे तीन या गतीने उंच, टोकदार लाटा उमटतात.

तथापि, अर्ध्या तासाचा आलेख निर्दोष आला म्हणून अपस्मार नाही, असे ठरत नाही. प्रत्यक्ष पाहणाऱ्याने केलेले वर्णन निदानात तितकेच मोलाचे असते. ते वर्गशिक्षक आणि आई-वडीलच देऊ शकतात. मोबाईलवरील चित्रणही डॉक्टरांना उपयोगी पडते.

दुर्दैवाने, ‘उद्या लग्न कसे जमेल?’ या धास्तीने, विशेषतः मुलींच्या बाबतीत, तपासणी टाळली जाते. अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहास बाधक मानणारा उल्लेख संसदेने १९९९ मध्ये हिंदू विवाह कायद्यातून काढून टाकला. आपल्या घरांतून तो अजून पुरता गेलेला नाही. औषधांनी बहुतेक मुलांचे हे झटके आटोक्यात येतात. लपविल्याने मात्र शिक्षणाची मोलाची वर्षे वाया जातात.

म्हणून गुरुजनांना एवढीच विनंती : तो शेरा लिहिण्यापूर्वी त्या मुलाकडे काही दिवस बारकाईने पाहावे आणि शंका आल्यास पालकांना विश्वासात घेऊन सांगावे. पालकांनीही ते मोकळ्या मनाने ऐकावे.