कागदामागे कोण उभं आहे?

(ग्रामसंघाच्या मासिक सभेत केलेलं मनोगत)



दुकानात सुट्टे नसले की दुकानदार हातावर चॉकलेट ठेवतो. आपण घेतो, निघतो. पण सगळ्या बाजारातूनच सुट्टे गायब झाले तर?

स्पेन देशात असं झालं. जुलै 1936 मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, म्हणजे एकाच देशाची माणसं एकमेकांशी लढायला लागली. भीतीपोटी लोकांनी चांदीची नाणी घरात दडवली. मोठ्या नोटा होत्या, पण पाव घ्यायला सुट्टे नव्हते. मग प्रजासत्ताक सरकारच्या ताब्यातल्या भागात, कॅटलोनियात तर खूपच, गावोगावच्या नगरपालिकांनी आणि काही सहकारी संस्थांनी स्वतःच छोट्या नोटा काढल्या. 25 सेंतिमो, 50 सेंतिमो, 1 पेसेटा. 100 सेंतिमोंचा एक पेसेटा. नोटेवर गावाचं नाव, शिक्का, सही. काही तर साध्या पुठ्ठ्याच्या.

तो पुठ्ठा का चालला? कारण तो देणारे कोण, हे गावाला माहीत होतं. उद्या कचेरीत जाऊन विचारता येत होतं. गावाची वेस ओलांडली की मात्र तो कुणी घेईलच, याची खात्री नव्हती.

1938 च्या सुरुवातीला सरकारनेच या गावच्या नोटा मागे घ्यायला सांगितलं. एप्रिल 1939 मध्ये युद्ध संपलं, फ्रँको जिंकला. त्याने तर प्रजासत्ताक सरकारच्या युद्धकाळातल्या नोटाही नाकारल्या. कित्येक घरांत जपून ठेवलेली बचत रद्दी झाली. कागद तोच, पण त्याच्यामागे उभं राहणारं कुणी उरलं नाही.

आता आपलं बघू. एका गटात एका ताईने 500 रुपये हप्ता भरला. सचिवताईने वहीचं पान फाडून चिठ्ठी दिली, "रजिस्टरला नंतर चढवते." त्या बाळंतपणाला माहेरी गेल्या. चिठ्ठी पदराच्या गाठीत राहिली आणि धुण्यात गेली. खोटं कुणीच बोलत नाही, तरी आज दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.

त्या पुठ्ठ्यावर निदान शिक्का तरी होता!

म्हणून एवढंच मागते. पैसे दिले की तिथेच रजिस्टरला नोंद, पासबुकावर सही. आणि कुणाच्या बटव्यात अशी चिठ्ठी असेल, तर आज उठायच्या आधी काढा. आत्ताच चढवू.